घरची मिळकत आणि लहानग्यांची वाढ: गोव्यातल्या आईवडिलांचे नेहमीचे प्रश्न

डिचोली आणि सत्तरीतल्या अंगणवाड्यांत मुलांची वजने घेण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. काटा टांगायचा, बाळाला झोळीत ठेवायचे, ते हातपाय झाडत रडायचे, आणि आई काट्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. आकडा सांगितला की दोनच प्रश्न यायचे. एक, "माझं काय चुकलं?" दुसरा, हळू आवाजात, "पैसेच पुरत नाहीत तर घालू कुठून?" पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्यात असायचे. खालचे प्रश्न त्या आयांचे, काही बापांचे, थोडे आज्यांचे आहेत.

मूल खुरटते ते गरिबीमुळे की आईला कळत नाही म्हणून?

गरिबीचा वाटा मोठा आहे, आणि तो आधी मान्य करायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) घरातल्या चीजवस्तू आणि सोयींवरून देशातल्या कुटुंबांचे पाच गट पाडले होते. सर्वांत गरीब गटात पाच वर्षांखालची ४६ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी निघाली, सर्वांत सधन गटात २३ टक्के. बरोबर दुप्पट फरक. आईच्या शिक्षणाचा परिणाम होतोच, पण मुलगी किती शिकते हेही बहुतेक वेळा तिच्या बापाच्या खिशावरच ठरलेले असते.

त्याच आकड्याची दुसरी बाजूही पाहा. सधन घरांतही चारांतले जवळजवळ एक मूल बुटके आहे. पैसा नसेल तर मूल वाढणे कठीण होते. पैसा आहे म्हणून ते वाढेलच, अशी मात्र खात्री नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि या पानावरची बाकीची उत्तरे त्यांच्या मधल्या जागेतली आहेत.

तांदूळ तर घरात असतोच. मग पैशाने नेमके काय अडते?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली पात्र कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. त्यामुळे चूल पेटते. अडते ते भाताबरोबर काय वाढायचे तिथे. हात आखडला की घरात सर्वांत आधी दूध अर्धा लिटरवरून पाव लिटरवर येते, मग अंडी बंद होतात, मासळी रोजची आठवड्याची होते, डाळ पातळ होत जाते. भात शेवटपर्यंत टिकतो. मोठा माणूस दोन वाट्या जास्त भात खाऊन निभावतो. वर्षाच्या बाळाचे पोट त्याच्या मुठीपेक्षा फार मोठे नसते. त्याला तेवढ्याच जागेत सगळे बसवायचे असते, म्हणून भाजी-डाळ-मासळीची कपात त्याला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बाधते.

पण पैशाने फक्त अन्न विकत मिळते असे नाही. वेळ मिळतो. घरात नळ आणि संडास मिळतो. बाळाला ताप आला तर रोजंदारीवरची आई एका दिवशी दोनदा पैसे घालवते: एकदा औषधावर, एकदा बुडालेल्या रोजावर. म्हणून ती एक दिवस थांबून बघते. त्या एका दिवसात जुलाब वाढतात, बाळ खायचे बंद होते आणि महिनाभर जमवलेले पाव किलो वजन निघून जाते. बाहेरून बघणारा म्हणतो, "वेळेवर आणलं का नाही?" त्या थांबण्यामागचा हिशेब मी अनेक आयांच्या तोंडून ऐकला आहे आणि एकीलाही मी दोष देऊ शकले नाही.

गोवा तर देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी. इथे कुपोषण कुठले?

दरडोई उत्पन्नात गोवा देशात अगदी वरच्या रांगेत आहे हे खरे. तरीही त्याच पाचव्या फेरीत गोव्यातली पाच वर्षांखालची २५.८ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी, १९.१ टक्के उंचीच्या मानाने रोड आणि २४ टक्के कमी वजनाची आढळली. सहा महिने ते पाच वर्षांतल्या ५३.२ टक्के मुलांत रक्त कमी होते, म्हणजे निम्म्याहून जास्त. २०१५-१६ च्या फेरीत बुटक्या मुलांचे प्रमाण २०.१ टक्के होते आणि रक्त कमी असलेल्यांचे ४८.३. गोवा लहान असल्याने सर्वेक्षणात इथली मोजली जाणारी मुले थोडी असतात, त्यामुळे पाच टक्क्यांची वाढ अगदी तंतोतंत धरू नये. पण प्रमाण घटले असे कुणी म्हणू शकणार नाही. शिवाय गोव्यातली ही मोजणी टाळेबंदीच्या आधीची आहे, तेव्हा त्याचे खापर महामारीवर फोडता येत नाही.

दरडोई उत्पन्न ही सरासरी असते. किनाऱ्यावरच्या हॉटेलमालकाची मिळकत आणि त्याच हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बाईची मिळकत एकत्र करून दोनाने भागली, तर कागदावर दोघेही सुखवस्तू. बाईच्या बाळाला त्या भागाकाराचा काही उपयोग नाही. केप्या-सांग्यातले वेळीप आणि गावडा समाजाचे वाडे, झुआरीनगरच्या भाड्याच्या खोल्या, इमारतींच्या कामावरच्या पत्र्याच्या शेडी, हे सगळे त्याच सरासरीत बुडून जाते.

आमच्या घराण्यात सगळे बुटकेच. मग मूल बुटके असले तर बिघडले काय?

हा प्रश्न बहुतेक वेळा आजी विचारते, आणि तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते. आईवडिलांची उंची मुलात उतरते. पण लहानपणी ती जेवढी वाटते तेवढी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली अशी मुले मोजली, ज्यांना आईचे दूध मिळत होते, ज्यांची आई सिगारेट ओढत नव्हती आणि वाढीच्या आड येईल अशी गरिबी नव्हती. भारतातली मुले दक्षिण दिल्लीतली होती. पाच वर्षांपर्यंत या सहाही देशांतली मुले जवळजवळ सारखीच वाढली. अंगणवाडीतल्या तक्त्यावरच्या रेषा याच अभ्यासातून २००६ साली आल्या. त्या परक्यांच्या मुलांवरून काढल्या आहेत असे कुणी म्हटले तर सांगा, आपलीही मुले त्यात होती.

आणि आजी बुटकी का राहिली, हेही विचारून बघा. तिच्या लहानपणी घरात काय शिजत होते ते ती स्वतःच सांगेल.

पहिल्या दोन वर्षांवरच एवढा भर कशाला? पुढे खाऊन भरून निघत नाही का?

दिवस गेल्यापासून बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत साधारण १००० दिवस होतात. जन्मताना बाळ सुमारे ५० सेंटिमीटर असते, पहिल्या वर्षात ते २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात साधारण १२. पुढे एवढ्या वेगाने माणूस कधीच वाढत नाही. मेंदूची बहुतांश वाढही याच काळातली. घर बांधताना जोत्याला सिमेंट कमी पडले तर वरच्या मजल्यावर जास्त ओतून ते भरून निघत नाही, तसेच हे.

ग्वाटेमाला देशात १९६९ ते १९७७ मध्ये चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत मुलांना प्रथिनांची पौष्टिक पेज दिली, दोन खेड्यांत प्रथिने नसलेले गोड पेय. ही मुले मोठी झाल्यावर संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले. ज्या मुलग्यांना पहिल्या दोन वर्षांत पौष्टिक पेज मिळाली होती, त्यांची तासाची कमाई इतरांपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. मोठ्या वयात पेज मिळालेल्यांत असा फरक दिसला नाही. घरच्या मिळकतीवर बाळाचे खाणे ठरते, आणि त्या खाण्यावर पुढे त्याचीच मिळकत. गरिबी एका पिढीतून दुसरीत जाते ती या वाटेने, आणि ही वाट अडवायची जागा दोन वर्षांच्या आत आहे.

सहा महिन्यांनंतर बाळाला पेज देतो. पुरे ना?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण इथे पैसे फारसे न लागता फरक पडतो.

आपल्याकडे दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज पिण्याची जुनी चाल आहे. कष्टाच्या माणसाला ती उत्तम. बाळासाठी काढताना मात्र आई वरची निवळ काढते, कारण शिते घशात अडकतील अशी तिला भीती असते. एकदा वाळपईच्या पुढच्या एका वाड्यावर मी एका आईच्या शेजारी बसून बाळाला भरवणे बघितले. तिने वाटीभर निवळ चमच्याने पाजली, बाळाने सगळी घेतली, पोट तट्ट झाले, बाळ झोपले. आई खूश. त्या वाटीत बहुतेक पाणीच होते. दिवसातून तीनदा असे पोट भरत होते आणि वजनाची रेषा तीन महिने आडवी होती. उपाशी नसलेले, न रडणारे, तरीही न वाढणारे मूल असे असते.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज वरच्या खाण्यातून रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्ष ते दोन वर्षांत ५५०. एवढ्या पोटात एवढे बसवायचे तर अन्न घट्ट हवे. आम्ही आयांना चमच्याची खूण सांगतो: चमचा तिरका केला तर खाणे ओघळून जाता कामा नये. त्याच पेजेतली शिते मळून घ्या, त्यात मुगाची शिजलेली डाळ कालवा, वरून एक छोटा चमचा खाण्याचे खोबरेल किंवा तूप घाला. त्या एका चमच्यात ४५ कॅलरी येतात आणि पोटातली जागा जवळजवळ जात नाही. त्या बाईने त्याच दिवशी संध्याकाळी असे करून बघितले. बाळाने पहिले दोन घास थुंकले, तिसरा गिळला. हे सांगून ठेवते, कारण पहिल्या थुंकण्याला घाबरून पुष्कळ आया परत निवळीवर जातात.

नाचणीचे सत्व द्यायची आपली रीतही चांगली आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. मात्र तेही घट्ट करा.

मासळी फार महाग झाली आहे. पावसाळ्यात तर विचारूच नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि उरलेली मासळी गरिबाच्या आवाक्याबाहेर जाते. आपल्या आज्या याच दिवसांसाठी पुरुमेंत भरून ठेवायच्या: सुके बांगडे, सुंगटां म्हणजे कोळंबी, कुळीथ, आमसुले, कांद्याच्या माळा. ती पद्धत मुळात पैशाचेच नियोजन होते. स्वस्ताईत घ्यायचे आणि तंगीत खायचे.

बाळासाठी सुकी मासळी नको, तिच्यात मीठ फार. वर्षावरच्या मुलाला द्यायची तर भिजवून, पाणी दोनदा बदलून. त्याऐवजी या दोन महिन्यांत अंडे, अळसांदे, मूग, चवळी यांवर भर द्या. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम चांगली प्रथिने असतात, आणि पूर्ण उकडलेले अंडे सहा महिन्यांनंतरच्या बाळाला चालते. मासळीचा हंगाम असताना इसवण किंवा पापलेट हवेच असे नाही. तारले आणि बांगडा पोषणात कुठेच मागे नाहीत. काटे मात्र बोटांनी चाचपून काढा, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

पावसात परसात तांबडी भाजी येते, कुंपणाला शेवगा असतो, टायकिळा तर रस्त्याकडेला उगवतो. त्याला पैसे लागत नाहीत. लागतो तो निवडायला वेळ.

सकाळी चहा-पाव, मध्येच बिस्किट. मूल तेवढेच मागते.

पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की मूल दाराशी धावते, आणि उंडा पाव चहात बुडवून खाणे हा गोव्याच्या प्रत्येक घरातला आनंद आहे. मोठ्यांनी तो सोडावा असे मी म्हणणार नाही. पण दोन वर्षांखालच्या मुलाला चहा देऊ नका. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, आणि इथल्या निम्म्याहून जास्त मुलांत रक्त आधीच कमी आहे. पाव चहाऐवजी पातळ भाजीत किंवा डाळीत भिजवून द्या.

बिस्किटांचे असे आहे की पाच रुपयांचे पाकीट गरीब घराला परवडते, तोंड बंद करते आणि हातात देऊन कामाला जाता येते. आई ते आळसाने देत नाही. पण दिवसाला अशी दोन पाकिटे म्हणजे आठवड्याचे सत्तर रुपये. तेवढ्यात बाळापुरती अंडी येतात. हा हिशेब मी आयांना तोंडी न सांगता कागदावर मांडून दाखवत असे, कारण सुटे पैसे हातातून जाताना त्यांची बेरीज कुणाच्याच लक्षात येत नाही.

डब्यातली महागडी पावडर घ्यावी का?

नाही. तेवढ्या पैशात डाळ, अंडी, शेंगदाणे, केळी महिनाभर येतील.

बाळाच्या वरच्या दुधाच्या डब्याबद्दल तर जास्तच काळजी घ्या. डबा महाग, म्हणून तो पुरवण्यासाठी दोन मापांऐवजी एकच माप घालतात. बाळ पाणीच पिते. बाटली नीट उकळली नाही तर जुलाब वेगळेच. दोन वर्षांखालच्या मुलांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. आईचे दूध पहिले सहा महिने फक्त तेच आणि पुढे दोन वर्षांपर्यंत इतर अन्नाबरोबर चालू, याला तोड नाही. पण दूध पाजणाऱ्या आईला स्वतःला पोटभर मिळाले पाहिजे. ते लागते पैशानेच, म्हणून आईचे दूध फुकट असते हे वाक्य मला पटत नाही.

मला कामावर जावे लागते. बाळाचे हाल होतात. काम सोडू का?

सोडू नका, असे मी सहसा सांगते. आईच्या हाती आलेला पैसा मुलांच्या पोटात जास्त जातो, हे जगभरच्या अभ्यासांत दिसले आहे आणि माझ्याही डोळ्यांसमोर आहे. एका बाईने गृह आधार या सरकारी योजनेचे पैसे तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलेले मी पाहिले आहेत. त्यातून फक्त मुलीचे दूध आणि अंडी यायची. तिची रीतच तशी होती, तिला कुणी शिकवले नव्हते.

अडचण कामाची नसून बाळाला कुणी भरवायचे याची आहे. सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर आठ महिन्यांचे बाळ सोपवले तर ती बिचारी जमेल तेवढे भरवते. भरवणे हे वेळखाऊ काम आहे, एका वाटीला अर्धा तास लागतो. कायदा इथे तुमच्या बाजूने आहे, पण तो फार थोड्यांना माहीत असतो. नोंदणीकृत नोकरीत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा २०१७ पासून आहे आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक आहे. बांधकामावर ५० हून जास्त बायका असतील तर तिथेही पाळणाघर हवे, असे १९९६ च्या कायद्यात होते. मासळी विकणारी, भांडी घासणारी, काजूच्या बागेत जाणारी बाई यात कुठेच बसत नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते. तिच्यासाठी तूर्त उपाय घरचाच: सकाळी दूध अंगावर पाजून जाणे, काढलेले दूध स्वच्छ वाटीत झाकून ठेवणे, आणि घरी जी कुणी मोठी बाई असेल तिच्या हातात घट्ट खाण्याची वाटी मोजून देणे. "भूक लागली की दे" असे सांगून जाऊ नका. किती वाट्या आणि कधी, ते ठरवून द्या.

आमची मिळकत वर्षभर सारखी नसते. पर्यटनाचा हंगाम संपला की हात रिकामे.

हे गोव्याचे दुखणे आहे. आठ महिने कमाई, चार महिने उसनवारी. मूल मात्र बारा महिने वाढत असते. वर्षाची एकूण मिळकत तेवढीच असली तरी ती महिन्याला थोडी-थोडी येणे आणि हंगामात एकदम येऊन पुढे बंद होणे, यात बाळाच्या दृष्टीने फार फरक आहे.

डिचोलीत आम्ही याचे टोकाचे रूप बघितले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या. त्याआधी २०१२ लाही झाल्या होत्या. खनिज वाहणारे ट्रक दारात उभे, त्यांचे बँकेचे हप्ते चालू. खाण चालू असतानाची धूळ आणि नासलेली शेते मी विसरलेली नाही. इथे सांगते आहे ते फक्त घरातले: हप्ता चुकवता येत नाही, दूध चुकवता येते. ज्या घरांना कधी अंगणवाडीची गरज वाटली नव्हती, त्या घरांतल्या आया तेव्हा संकोचत दारात येऊन उभ्या राहिल्या.

हंगामात चार पैसे हातात असताना डाळी-कडधान्ये, शेंगदाणे, नाचणी भरून ठेवा. घरात दोन कोंबड्या जगत असतील तर ठेवा.

अंगणवाडी फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी असते ना? आणि आम्ही बाहेरून आलेले असलो तर?

अंगणवाडी सर्वांसाठी आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला ही योजना सुरू झाली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी ती सार्वत्रिक झाली. गरोदर बाई, सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाची आई आणि सहा वर्षांखालचे कोणतेही मूल तिथे जाऊ शकते. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मूल कर्नाटकातून आलेल्या मजुराचे असो की सिंधुदुर्गातून आलेल्या, ज्या वाड्यावर राहता तिथल्या सेविकेकडे नाव घाला. रेशनचेही तसेच. "एक देश, एक रेशनकार्ड" मुळे गावचे कार्ड इथल्या दुकानावर चालते.

सहा महिन्यांवरच्या मुलाला, गरोदर आणि स्तनदा आईला अंगणवाडीतून पूरक आहार मिळावा, आणि अतिकुपोषित मुलाला तो जास्त मिळावा, असा नियम आहे. घरी नेलेले पाकीट सगळ्या घराने वाटून खाल्ले तर बाळाच्या वाट्याला दोन चमचे येतात. मोठी मुले भुकेली असताना वाटू नका असे मी कुठल्या तोंडाने सांगू? एवढेच सांगते की बाळाचा वाटा आधी काढून ठेवा.

सरकारकडून रोख पैसे कोणते मिळतात?

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६००० रुपये. गोवा सरकारच्या ममता योजनेत मुलगी जन्मली की १०,००० रुपये. गृह आधारमध्ये पात्र गृहिणीला महिन्याला १५०० रुपये, त्यासाठी घरच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे आणि गोव्यातल्या वास्तव्याची अट आहे. कागद अंगणवाडी सेविका किंवा तालुक्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारून दिवस गेल्याबरोबर जमवायला लागा. पैसे बाळ चालायला लागल्यावर आले तर त्यांचा निम्मा उपयोग गेला.

मूल सारखे आजारी पडते. खाल्लेले अंगाला लागतच नाही.

जुलाब झाले की खाल्लेले निघून जाते, भूक मरते, आणि वारंवार जुलाबांनी आतड्यांची अन्न शोषायची ताकदही कमी होते. म्हणून पाणी उकळून द्या, भरवण्याआधी साबणाने हात धुवा, तुमचेही आणि बाळाचेही. जुलाब लागले तर जलसंजीवनी आणि १४ दिवस झिंक. दोन्ही आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. आजारात खाणे तोडू नका, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे दिवसाला एक जेवण वाढवा. वर्षाच्या पुढच्या मुलांना सहा महिन्यांतून एकदा जंताची गोळी द्या.

मूल गुटगुटीत आहे. मग काळजी नको ना?

गुटगुटीत दिसणारे मूलही रक्ताने कमी आणि उंचीने खुरटलेले असू शकते. वजनाबरोबर लांबी मोजायला सांगा. दोन वर्षांची मुलगी उभी असताना साधारण ७९ आणि मुलगा ८१ सेंटिमीटरच्या खाली असेल तर वाढ मागे पडली आहे.

आणखी एक गोष्ट गोव्याने विशेष मनावर घ्यावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी असूनही अंगात चरबी जास्त घेऊन जन्मतात, असे त्यांना दिसले. अशी मुले पुढे झपाट्याने जाड झाली तर मधुमेहाचा धोका वाढतो. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, निघाले. त्यामागे कारणे अनेक आहेत. पण लहानपणी रोड म्हणून मागून तळलेले-गोड चारून वजन वाढवणे हा उपाय नव्हे, एवढे यातून घ्यावे. याज्ञिकांच्याच अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळे जास्त खाणाऱ्या गरोदर बायकांची बाळे चांगल्या वजनाची होती. मोयरे गावची केळी आणि परसातली तांबडी भाजी आईच्या ताटात आधी वाढा.

दोन वर्षे उलटून गेली. आता उशीर झाला का?

उंचीची गेलेली संधी पूर्ण परत मिळणे कठीण, पण रोडपणा आणि रक्ताची कमतरता कोणत्याही वयात भरून काढता येते. लोहाचे औषध पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा, १ मिलिलिटर, आरोग्य उपकेंद्रातून मिळते. काळी शी होते म्हणून ते बंद करू नका. ते औषधाचेच लक्षण आहे. आणि घरात पुढचे बाळ येणार असेल तर त्याचे १००० दिवस अजून पुरते हातात आहेत.

कधी थांबू नये, लगेच न्यावे?

अंगणवाडीतल्या दंडाच्या पट्टीवर माप ११.५ सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल रंगात आले तर. दोन्ही पायांना सूज असेल, बोट दाबल्यावर खळगा राहत असेल तर. खाणे-पिणे टाकले, सुस्त पडून राहिले, वजन दोन महिने सलग उतरले तर. जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. ते म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पाठवतील. जाताना वजनाचे कार्ड बरोबर घ्या. मजुरीचा रोज बुडेल या विचाराने उद्यावर ढकलू नका. बससाठीही पैसे नसतील तर सेविकेला तसे स्पष्ट सांगा. १०८ ची रुग्णवाहिका फुकट असते, आणि ती तुमच्याही दारात येते.